आठ दिवसांची गाडी

ताईची लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. वडलांनी एका शेडमध्ये दोन मशिनं टाकून सुरू केलेला तो चांगला कारखाना होता. चार इस्पितळं आणि सहा हॉटेलं यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं तिथे मळकं येई आणि दुसऱ्या दिवशी कडक घडी होऊन परत जाई. हे सगळं येणं-जाणं एका ट्रकवर चाले, आणि तो ट्रक सव्वीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होता.

त्यांना सगळे काका म्हणत. ताई शाळेच्या गणवेशात ट्रकच्या पायरीवर बसून डबा खायची तेव्हाही ते काकाच होते. तेव्हा ते तिला 'अगं' म्हणायचे. वडील गेले, ती त्यांच्या खुर्चीत बसली, आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी 'अहो ताई' सुरू केलं. तिने दोन-तीनदा सांगून पाहिलं. ते हसायचे आणि म्हणायचे, "खुर्चीला अहो म्हणतोय, तुम्हाला नाही."

काका बोलायला कमी, कामाला चोख. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बोळातून ट्रक उलटा आत घ्यायचा म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. काका तो एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने वॉचमनला सलाम करायचे. सकाळी सातच्या आत चादरी पोचल्या नाहीत, असं सव्वीस वर्षांत तीनदा झालं असेल. त्यातल्या एकदा पूर आला होता.

ट्रक मात्र थकला होता. गिअरबॉक्स दोनदा बदलून झाला होता. लॉन्ड्रीच्या गाड्या बघणारा मिस्त्री एक दिवस त्याच्याखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, हा आता नुसता सवयीने चालतोय."

नवीन ट्रक घ्यायचा हे ठरलं. कुठला, यावरून मात्र घरात दोन तट पडले.

ताईचा नवरा बॉयलर आणि मशिनं सांभाळायचा. दुकानात नवीन पाना दिसला तरी हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. विजेवर चालणारा ट्रक बनवणाऱ्या एका नव्या कंपनीची माहिती त्यानेच आणली. "धूर नाही, आवाज नाही, आणि आपली फेरी रोज ठरलेली. आपल्यासाठीच बनवलाय असं समज."

कंपनीची इंजिनियर भेटायला आली. आखूड केसांची, बुटांना ग्रीस लागलेली मुलगी. थापा मारणारी नव्हती. ट्रक एका चार्जिंगमध्ये किती जातो, भरलेला असला तर किती कमी जातो, चढावर काय होतं, सगळं तिने सरळ सांगितलं.

"तुमची कंपनी किती वर्षांची?" ताईने विचारलं.

"चार."

"आणि बॅटरीची हमी?"

"आठ वर्षं."

"म्हणजे हमी कंपनीपेक्षा वयाने मोठी."

मुलगी मनापासून हसली. "म्हणूनच म्हणते, आधी चालवून बघा. आठ दिवस ट्रक तुमच्याकडे ठेवते. नाही आवडला तर येऊन घेऊन जाईन."

सोमवारी तो पांढरा ट्रक आवारात आला, तो इतका गुपचूप, की टोपली घेऊन निघालेली इस्त्रीवाली मावशी त्याच्यावर आपटता आपटता राहिली. काम सोडून सगळे बाहेर आले. काकांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, टायरवर बुक्की मारून पाहिली आणि वर चढून बसले. त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत राहिला. क्लच नव्हताच. दोनच पेडलं, आणि दोन्ही उजव्या पायाची. काकांनी डावा पाय हळूच बाजूला ठेवला, कुणाच्या घरी पाहुणे गेल्यावर चपला ठेवतात तसा.

त्या आठवड्यात ताई ऑफिसच्या खिडकीतून रोज बघायची. जुना ट्रक असताना काका फेरी संपली की दाराला धरून उतरायचे आणि मांडीवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. या ट्रकातून मात्र ते लवकर उतरतच नसत. गाडी लावायची आणि दहा-पंधरा मिनिटं आत नुसतं बसून राहायचं. ताईला वाटलं, म्हातारा रुसलाय. नवीन गाडी अंगवळणी पडत नसणार. बुधवारी तिने जाता जाता विचारलं, "काय काका, कशी काय वाटते?"

"चालते," काका म्हणाले.

ताईने त्या 'चालते'चा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

कारण तिच्या मनात भीती होती, आणि ती उगाच नव्हती. मिस्त्रीने ती पुरती जागी केली होती. "ताई, डिझेलचा ट्रक रस्त्यात बसला तर कुठल्याही गॅरेजवाल्याला हाक मारा, दोन तासांत उठवतो. हा बसला तर त्याच्यासमोर बसून रडायचं. आणि उद्या त्या कंपनीनेच शटर ओढलं तर? त्या डब्यात काय भरलंय ते कोण उघडून बघणार?" इस्पितळात चादरी गेल्या नाहीत तर ऑपरेशनं खोळंबतात. वडलांनी उभं आयुष्य घालून कमावलेला शब्द एका नव्या कंपनीच्या भरवशावर टांगायचा का? ताई खूप विचार करत होती. फक्त विचार करता करता तिचं ठरून गेलं होतं, आणि आता तिला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं.

शनिवारी अकराला इंजिनियर येणार होती. पावणेअकराला ताई आवारात आली. नवरा होता, मिस्त्री होता. काका फेरीवरून येऊन उभे होते.

"काका, खरं सांगा हं," ताई म्हणाली. "ही असली नवी फॅडं आपल्याला झेपायची नाहीत, हो ना? तुम्हालाही आपला साधा ट्रकच बरा वाटत असणार."

काकांनी ट्रककडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे, मग तिच्याकडे. हात स्वच्छ होते तरी ते फडक्याने पुसले.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ताई. ओळखीचं असलेलं बरं."

"बघा!" ताई नवऱ्याला म्हणाली. "चालवणारा माणूसच सांगतोय." नवऱ्याने खांदे उडवले आणि तो बॉयलरकडे निघून गेला.

इंजिनियर आली, तिने नकार ऐकून घेतला. "एकदा ड्रायव्हरकाकांशी बोलू का?" तिने विचारलं.

"त्यांचंच तर मत आहे," ताई म्हणाली.

काकांनी किल्ली मुलीच्या हातात दिली. "जपून न्या," एवढंच ते म्हणाले आणि पांढरा ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत उभे राहिले. ताई तोवर फोनवर होती. डिझेलच्या ट्रकवाल्याला ती केव्हा पाठवता म्हणून विचारत होती.

नवा डिझेलचा ट्रक आला, रुळला, त्यालाही गावभरच्या धुळीचा रंग चढला. दीड वर्ष गेलं. एका सकाळी मोठ्या इस्पितळाच्या त्याच बोळात ट्रक उलटा घेताना काकांचा डावा गुडघा धरला. क्लच दाबायला पाय वाकलाच नाही. ट्रकने गचका खाल्ला आणि मागची भिंत गाठली. गाठोड्यांची ढकलगाडी घेऊन तिथे उभा असलेला माणूस क्षणभरापूर्वीच बाजूला झाला होता. भिंतीचा टवका गेला, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

काकांनी उरलेली फेरी पूर्ण केली. मग ऑफिसात येऊन किल्ली टेबलावर ठेवली.

"ताई, आज भिंत होती."

ताईने रजा घ्या म्हटलं, हलकं काम देते म्हटलं. काकांनी मान हलवली. "हलकं काम म्हणजे दुसऱ्याला माझा ट्रक चालवताना बघत बसायचं." सगळ्यांनी मिळून त्यांना निरोप दिला. इस्त्रीवाली मावशी रडली. काका नाही रडले.

आणखी वर्षभराने मिस्त्री पेपर नाचवत आला. ती नवी कंपनी बंद पडली होती. पैसे संपले, कारखान्याला कुलूप लागलं. "वाचलो, ताई! मी काय म्हणत होतो?" नवऱ्यानेही कान पकडून हार मानली. ताईचा तो दिवस फार सुखात गेला. आपण त्या मुलीच्या बुडालेल्या नोकरीवर खूश होतोय, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ही बातमी काकांना सांगायलाच हवी, आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं ना, असं म्हणत रविवारी सकाळी ती फळं घेऊन त्यांच्या घरी गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. काकूंनी दार उघडलं. काका आंघोळीला गेले होते. "त्यांना वेळ लागतो हो आता," म्हणत काकूंनी चहा टाकला. ताईला दम धरवेना. तिने तिथेच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बातमी सांगितली.

काकूंचा कपबशीवरचा हात थांबला. "कुठली हो? ती आठ दिवसांची गाडी?"

"तुम्हाला माहितीये?"

"आमच्या घरात तिचं नावच ते. बाई गं! बंद पडली का ती कंपनी?" काकूंना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अहो, त्या आठवड्यात हा माणूस कठडा न धरता जिना चढत होता. एरवी घरी आले की स्टुलावर पाय आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, ठरलेलं. त्या मंगळवारी जेवल्यावर मला म्हणाले, चल, चक्कर मारून येऊ. किती वर्षांनी! आणि बोलणं तरी किती. सिग्नलला उभं राहिलं की फुटपाथवरची माणसं काय बोलतात ते ऐकू येतं म्हणे. उतरायला जीवच होत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं. ही आली तर आणखी दहा वर्षं चालवीन म्हणायचे."

ताईच्या हातात फळांची पिशवी अजून तशीच होती. "पण काकू, नको म्हणाले ते. माझ्यासमोर म्हणाले."

"ते मला नाही माहीत. शनिवारी आले आणि म्हणाले, नाही घेणार. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नाहीत का? तर म्हणाले, मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं!"

न्हाणीघराचं दार वाजलं. भिंतीला हात लावत लावत काका बाहेर आले, ताईला बघून हसले, खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून स्टुलावर ठेवला.

"काका, मी विचारलं होतं ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. "जाऊ द्या ना, ताई. कंपनी बुडालीच शेवटी, पेपरात वाचलं मी. तुमचंच खरं झालं."

"ते नाही विचारत मी."

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "विचारलंत. पण उत्तर हातात धरूनच विचारलंत. मग मी काय बोलणार? तुमच्या मागे चार इस्पितळं. माझ्या एका गुडघ्यापायी तुम्हाला कुठे अडकवू? उद्या गाडी बसली असती तर तुम्ही काही बोलला नसतात, पण माझ्या जिवाला लागलं असतं."

"निदान गुडघ्याचं तरी सांगायचं होतं."

"रोज तुमच्या खिडकीखालीच उतरत होतो की, ताई," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईला सोपं गेलं असतं.

ती खाली आली आणि बराच वेळ जिन्यापाशी उभी राहिली. त्यानंतर तिने जमेल ते करून पाहिलं. काकांना चांगल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, चालण्यापुरतं होईल, मोठी गाडी आता विसरा. कंपनी बुडाली तरी एका दूधवाल्याने घेतलेले तिचे दोन ट्रक इकडून तिकडून भाग जमवून अजून चालत होते. ते रस्त्यात दिसले की ताई दुसरीकडे बघायची. कधी ती स्वतःची समजूत घालायची, की तो ट्रक घेतला असता तर आपण आज पस्तावलोच असतो. तेही खरंच होतं. पण चार दिवसांपेक्षा जास्त ती समजूत टिकायची नाही.

पुढे दोन वर्षांनी लॉन्ड्रीत विजेवरचा ट्रक आला, जुन्या, नावाजलेल्या कंपनीचा. पहिल्या फेरीच्या दिवशी ताई काकांना आणायला स्वतः गेली. नवीन ड्रायव्हर तिशीची बाई होती. तिने काकांना हात देऊन वर घेतलं, ताई मध्ये बसली, आणि पूर्ण फेरी झाली. काका बाहेर बघत होते. बोळात ट्रक उलटा जाताना त्यांनी श्वास रोखला. तो सोडताना त्या बाईला म्हणाले, "वा, हात चांगला आहे."

परत आल्यावर ताईने गाडी बंद होऊ दिली. या वेळी तिने नीट, आधी काहीही न सुचवता विचारलं, "काका, कशी आहे?"

"छान आहे, ताई. फार छान. अगदी योग्य तीच घेतलीत."

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते हसत होते. गाडी खरंच आवडली होती, की तिला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, काही केल्या तिला कळेना. पुन्हा विचारलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं.

ती त्यांना घरी सोडायला गेली. दोन मजले चढायला त्यांना पाव तास लागला. प्रत्येक वळणावर काका थांबायचे, कठड्याला टेकायचे आणि त्या नव्या ड्रायव्हरबाईने कुठलं वळण कसं घेतलं ते तिला समजावून सांगायचे. ताई त्यांच्या कोपराला धरून उभी राहायची आणि ऐकायची.