नळाशेजारचा तंबू

आमच्या घरात सहलीचा बेत जेवणाच्या टेबलावर आखला जातो आणि तो आखतो माझा नवरा. लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हाच त्याचा धंदा. ओटा कुठे, सिंक कुठे, फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडावं, हे त्याला झोपेतही सांगता येतं. स्वयंपाक मात्र जागेपणीही येत नाही.

त्या रविवारी त्याने टेबलावर भला मोठा कागद पसरला. दर उन्हाळ्यात आम्ही सगळे डोंगरातल्या नदीच्या खोऱ्यात तंबू ठोकून राहतो. तिथलं मैदान त्याने मापात काढलं होतं. नदी निळी, झाडं हिरवी, वाट तपकिरी. तंबू म्हणून टेबलावरच्या वस्तू मांडायला घेतल्या. मिरपुडीची डबी म्हणजे माझी नणंद आणि भावजी, अगदी पाण्याच्या काठावर. त्यांच्या शेजारी चहाचा कप, म्हणजे पोरं.

"आणि आपला?" मी विचारलं.

त्याने मिठाची बरणी उचलली आणि कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला, भांडी घासायच्या कट्ट्याला खेटून ठेवली. "हा आपला आणि आईचा. चूल, नळ, तंबू. त्रिकोण बघ कसा जमलाय. तुला उगाच फेऱ्या मारायला नकोत. खास तुझ्यासाठी बसवलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात हा माणूस शाबासकीची वाट बघत उभा.

मी एक्स-रे काढते. दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत उभी राहून लोकांना श्वास रोखायला सांगते. वर्षातून एकदा मला ती नदी मिळते, आणि तिच्यात पाय सोडून बसायचं, यापलीकडे मला तिच्याकडून काही नको असतं. पण इतक्या वर्षांत मी ती फक्त ऐकली आहे, तीही नळ बंद केल्यावर. गेल्या वर्षी चपला काढून एक पाय पाण्यात घातला, तर दुसरा घालायच्या आत भावजींना उकडलेली अंडी हवी झाली. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं, म्हणतात ना. आमचं घोडं अंडी खातं, आणि तीही सोललेली लागतात.

"वहिनीला कामाची हौसच आहे," नणंद म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मोठं पातेलं घ्या," सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "गेल्या वेळी सूप पुरलं नव्हतं." मला त्यांचाही राग आला. दर वर्षी त्या माझ्या शेजारी बसून मुकाट्याने बटाटे सोलतात, पण लेकाला कधी एका शब्दाने बोलत नाहीत.

"मला तंबू काठावर हवाय," मी म्हणाले.

"अगं, तिथून नळ लांब पडेल. तुलाच त्रास."

"मी नळावर येणारच नाहीये."

सगळे हसले. भावजी तर पोट धरून हसले. कुणी काही मागितलं की हसण्यावारी न्यायचं, ही या घराची जुनी युक्ती.

"मग स्वयंपाक?" नवऱ्याने विचारलं. चिडून नाही, खरंच न कळून विचारलं. नदीचं वळणन्‌वळण बरोबर काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढं शिरत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच संताप आला.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्या मैदानाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. काठावर एका लहान तंबूपुरती जागा आहे का, विचारलं. आहे म्हणाला.

"किती माणसं?"

"एक," मी म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. नवरा माझ्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत राहिला.

"वहिनी, असं काय करतेस? लोक काय म्हणतील?" नणंद म्हणाली.

"म्हणू देत. आणि म्हणून झालं की चहा करून घेऊ देत."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आता मला दोन शब्द ऐकवणार, असं धरूनच मी चालले होते. पण त्या टेबलाशी आल्या, चष्मा वर सरकवला आणि कागदावर वाकल्या.

"यात नदी कुठली रे?" त्यांनी लेकाला विचारलं.

"ही काय, निळी. आई, तुला ठाऊक नाही? मी रांगत होतो तेव्हापासून जातेस तू तिथे."

"जाते," त्या म्हणाल्या. "नीट बघितली नाही कधी."

मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ठेवू नकोस अजून. दोन सांग."