माती चाळणारे मासे

राघवेंद्र मास्तरांना कुणी काही ठासून सांगितलं की ते पटलंच म्हणून समजा. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळं विज्ञानाच्या मास्तरांचं शिबिर यंदा हैदराबादऐवजी मुंबईला भरलं. तिथून येताना माणसानं बायकोला साडी आणावी, निदान वासाचा साबण तरी. ह्यांनी काय आणलं, तर बरणीत चार मासे! लांबट तोंडाचे, पिवळसर, अंगावर निळे ठिपके. विकणारा म्हणाला होता, हे माती खातात. झालं, मास्तरांना पटलं.

आता तुळजापुरात, सोवळ्या-ओवळ्याच्या घरात मासे म्हणजे काय ते सांगायलाच नको. मास्तरांचे वडील, तात्या, देवघरातून बाहेर आले, बरणीकडं बघितलं आणि त्यांचं कपाळ आठ्यांनी भरून गेलं.

"घटस्थापनेपर्यंत ठेव. त्या दिवशी हे मासे घराबाहेर गेले पाहिजेत. विहिरीत सोड, नाहीतर कुणाला देऊन टाक."

मास्तरांची बायको शारदा दाराआड उभी राहून ऐकत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. त्या घरात तिला कुणी काही विचारतही नसे.

मास्तरांनी लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, फटींना लांबी लावली आणि पेटी ओसरीत मांडली. मग दूध घालायला आलेल्या कमलबाईला म्हणाले, "रानातली चांगली काळी माती आणा दोन पाट्या. माशांना खायला."

"माशाला माती?" कमलबाईनं पदर तोंडाला लावला. "लई शिकल्यावर आसंच हुतंय व्हय, मास्तर?"

पण बिचारीनं आणली. मास्तरांनी दोन्ही पाट्या पेटीत उलट्या केल्या. आपली काळी माती ती, पाणी लागलं की फुगणार! दुपारपर्यंत पेटीत नुसता राडा झाला. एक मासा मेला, उरलेले तीन वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मास्तर कपाळाला हात लावून बसले. "खात का नाहीत पण?" म्हणे!

शारदेनं पदर खोचला. न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ ओढलं, त्यात पागोळ्यांचं धरलेलं पाणी ओतलं आणि तिन्ही मासे त्यात सोडले. घंगाळ नुकतंच वाळूनं घासलेलं, तळाला चिमूटभर वाळू राहिलेली. थोड्या वेळानं एक मासा सावरला. खाली गेला, तोंडभर वाळू उचलली, दोनदा चावल्यासारखं केलं आणि ती कल्ल्यांतून सोडून दिली. शारदा बघतच राहिली.

"अहो, हे माती खात नाहीत. चाळतात! आपण पीठ चाळतो ना, तसं. खाण्याजोगं असेल ते ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं."

"पण तो विकणारा म्हणाला..."

"विकणारा राहू द्या. इथं येऊन बघा."

मास्तर आले, गुडघ्यावर बसले आणि अर्धा तास उठलेच नाहीत.

शारदेचं माहेर नळदुर्ग. तिनं भावाला पत्र टाकलं आणि त्यानं बोरी नदीच्या वाळूचं पोतं एस.टी.च्या टपावर टाकून पाठवलं. तिनं ती वाळू सात पाण्यांनी धुतली, अंगणात वाळवली आणि आधी पिठाच्या, मग मैद्याच्या चाळणीतून चाळली. शेजारच्या उमाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, यंदा वाळूच्या करंज्या का?" शारदा हसली आणि चाळत राहिली.

त्या वाळूत मासे असे रमले की काय सांगावं! हौदातल्या डासांच्या अळ्या खाऊन महिन्यात अंगानं भरले. पितृपक्षात दोघांनी मिळून शहाबादी फरशीचा एक तुकडा तोंडानं घासून लख्ख केला, तिसऱ्याला कोपऱ्यात हाकलून दिलं, आणि मादीनं त्या फरशीवर अंडी घातली. मास्तर तर धोतराचा सोगा हातात धरून ओसरीत नाचले.

दुसऱ्या दिवशी नेमके तात्या ओसरीतून जात होते. मादी एकेक अंडं तोंडात घेत होती. बघता बघता फरशी मोकळी झाली.

"शिव शिव शिव! आपलीच पोरं गिळतेय अवदसा! राघवेंद्रा, आत्ताच्या आत्ता हे विहिरीवर ने."

मास्तरांचा चेहरा पडला. "तात्या म्हणतात ते खरंच दिसतंय," ते पुटपुटले आणि घंगाळ घेऊन आले.

शारदेनं मात्र सकाळपासून बघितलं होतं, मादीसमोरून अळ्या वळवळत जात होत्या आणि ती एकीलाही शिवत नव्हती. गिळणारा जीव असा उपाशी कशाला राहील? ती पेटीसमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, तिनं गिळलं नाही. तोंडात धरलंय. तुम्ही घटस्थापनेपर्यंत म्हणाला होतात. अजून दहा दिवस आहेत. तोवर पेटी हलणार नाही."

मास्तरांच्या हातातलं घंगाळ खणकन पडलं. तात्यांनी सुनेकडं असं बघितलं, जणू भिंतच बोलली.

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर मी स्वतः मासे विहिरीवर नेईन. पुन्हा या घरात त्यांचं नाव काढणार नाही. पण पिल्लं निघाली, तर पेटी इथंच राहील."

"बरं," तात्या म्हणाले. एवढंच.

ते दहा दिवस शारदेनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मादीचा गळा फुगलेला, तोंड मिटलेलं. सातव्या दिवशी ती इतकी वाळली, की शारदेला वाटलं, आपल्या हट्टापायी एका मुक्या जिवाला मारतोय आपण. रात्री तिला जेवण गेलं नाही. पण पेटी काही तिनं हलू दिली नाही.

घटस्थापनेची सकाळ उजाडली. तात्या ओसरीत बसून घटाची माती चाळत होते. शारदेनं डोळ्यांत पाणी आणून घंगाळ भरून आणलं आणि पेटीसमोर ठेवलं. शब्द म्हणजे शब्द. शेवटचं म्हणून ती वाकली.

मादीनं तोंड उघडलं. आतून मुंगीएवढं काहीतरी सुटलं. मग आणखी एक. मग भसकन ढगच्या ढग! आणि ती एवढीएवढीशी पोरं खाली जाऊन वाळूचे कण चघळायला लागली.

"तात्या!" शारदा ओरडलीच.

तात्या मातीच्या हातांनी धावले आणि पेटीवर ओणवले. त्यांची सावली पाण्यात पडली मात्र, मादीनं एका दमात सगळी पिल्लं तोंडात ओढून घेतली.

"गिळली गं!" तात्या कळवळून ओरडले.

"नाही हो. मागं सरा." शारदेनं सासऱ्यांना चक्क दंडाला धरून मागं ओढलं. "थांबा जरा. आता बघा."

मादीनं इकडं तिकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि सगळी फौज पुन्हा बाहेर! तात्यांनी घंगाळ उचललं आणि ते पाणी अंगणातल्या तुळशीला घालून आले.

बातमी कमलबाईच्या तोंडून गेली म्हटल्यावर गल्ली लोटायला कितीसा वेळ लागणार! उमाबाई सगळ्यांत पुढं. शारदा ओसरीत उभी राहून मोठ्यानं हसत होती, आणि पदर सावरायचं तिला भान नव्हतं. मुहूर्त टळत चालला होता, तरी तात्या काठी घेऊन दारात उभे.

"एकेकानं या. सावली पाडू नका. आणि काय विचारायचं ते आमच्या शारदेला विचारा. मला नको, आणि मास्तरला तर मुळीच नको."