मिठूची मान

शेवटी मिठूने पुंडलिकरावांच्या नाकाचा शेंडा फोडला आणि तेजरामचा सूड पुरा झाला. पण हे काही घडलेलंच नाही, असं धरून चालू. पुंडलिकरावांचं नाक अजून शाबूत आहे आणि साल आहे अठ्ठ्याहत्तर.

तेजराम भंडाऱ्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा. त्या साली तो पुंडलिकरावांच्या थोरलीला, रुखमिणीला, पाहायला गेला. पोहे झाले, रुखमिणी दोनदा हसली, सगळं जमल्यात जमा होतं. पण त्या घरात शेवटचा शब्द पोपटाचा. बैल घ्यायचा असो की जावई, पुंडलिकराव मिठूला मनगटावर घेऊन त्याच्यासमोर धरत. मिठूने तेजरामला नीट न्याहाळलं, एक पाय उचलला आणि मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश हलवली. एकदा नाही, सात वेळा.

"पाखरू नाही म्हणते, बाप्पा," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या हाती काही नाही."

रुखमिणी चिखल्याच्या खाणीतल्या एका टाइमकीपरला दिली गेली. इकडे कचेरीतले शिपाईसुद्धा तेजराम दिसला की माना हलवू लागले.

सूड घ्यायचा, पण अभ्यास करून, असं तेजरामने ठरवलं. बाजारातून त्याने स्वतःचा पोपट आणला आणि तीन वर्षं त्याच्यासमोर वही घेऊन बसला. चोच करकर घासली, तर झोप आली. अंग फुगवून एका पायावर उभा, तर स्वस्थ. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, मानेची पिसं चापून बसलेली, तर बोट लांब ठेवावं. ही शेवटची नोंद डाव्या हाताने लिहिलेली आहे.

एक्क्याऐंशीत धाकट्या पुष्पाला पाहायला तुमसरचे पाहुणे आले. तेजराम शेजारधर्म म्हणून सतरंज्या घालायला गेला. मुलाच्या मामाचा फेटा भडक लाल होता. तो पाहताच मिठूच्या डोळ्याची टाचणी झाली, शेपटीचा पंखा झाला. पुंडलिकराव निकालाची वाट पाहत होते.

"मामाजी," तेजराम पुंडलिकरावांकडे वळून मधाळ आवाजात म्हणाला, "मिठू लय खुश हाये. मुका मांगून राहिला तुमचा."

पुंडलिकरावांनी नाक पुढे केलं. पुढचं घडलेलं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे.

पण जे घडलं नाही, त्याचं रक्त मुलाच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. मामाने ते कुंकू मानलं आणि सोयरीक तिथेच पक्की केली. पुंडलिकराव एका हाताने नाकावर हळद दाबून दुसऱ्या हाताने पेढे वाटू लागले. त्यातला एक पेढा तेजरामलाही खावा लागला. इतका वाया गेलेला सूड भंडाऱ्यात कोणी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मिठू उडाला आणि तेजरामच्या खांद्यावर बसला. एक पाय उचलून मान डावी-उजवी झुलवू लागला. सगळे पोट धरून हसले.

"अजून नाहीच म्हणते हा," पुंडलिकराव हळदीतून म्हणाले.

तेजरामने पाळलेला पोपट मादी निघाला होता. नराचं हे झुलणं तिने कधी केलं नव्हतं, त्यामुळे वहीत ते पान कोरंच होतं. मग मिठूने गळ्यातून अर्धा पचलेला हरभरा वर काढला आणि मोठ्या प्रेमाने तेजरामच्या कानात ठेवला. पाखरू असा घास कोणाला भरवतं, ते कळायला वही लागत नाही. अठ्ठ्याहत्तर साली त्या घरात तेजराम ज्याला सगळ्यांत जास्त आवडला होता, त्याच्याच मानेवर नकाराचं खापर फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली त्याने पहिल्यांदाच स्वतःसाठी अर्ज लिहिला, तिकीट लावलं आणि तहसीलदारांच्या टेबलावर ठेवला:

"सबब, मिठू (पोपट, नर) याने सन १९७८ मध्ये केलेली मानेची हालचाल 'नकार' ऐवजी 'पसंती' अशी दुरुस्त करण्यात यावी, रुखमिणीच्या सोयरिकीचा फेरफार त्या तारखेपासून अर्जदाराच्या नावे घेण्यात यावा, तिच्या दोन मुलांना तशी समज देण्यात यावी, आणि निकाल लागेपर्यंत पुंडलिकरावांचे नाक आहे त्याच स्थितीत ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."