परवाचा कोट

कॉम्प्युटर शिकणाऱ्यांच्या दोन जाती असतात. प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात, दोष मशीनमध्ये आहे. मशीन उघडणारे म्हणतात, दोष प्रोग्रॅममध्ये आहे. मी दोन्ही शिकत होते, त्यामुळे दोष माझा कधीच नसायचा.

याच स्वभावापायी मी गेल्या वर्षी परीक्षेत आपटले. यंदा अट अशी होती: जुन्या सुट्या भागांतून कॉम्प्युटर जोडायचा, त्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायचा, तो खऱ्या दुकानात सरांसमोर चालवायचा आणि दुकानदाराचा लेखी शेरा घ्यायचा. शेरा वाईट आला की नापास. आणि पुन्हा नापास झाले की शिक्षण बंद, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं.

दुकान मिळालं आत्याचं, कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं. पण आत्या म्हणजे एक घाव दोन तुकडे. मी जन्मले तेव्हा सगळे ‘किती गोड’ म्हणत होते आणि ही म्हणाली होती, “नाक बसकं आहे.” भाचीसाठी ती खोटा शेरा लिहील, ही आशा मी ठेवलीच नव्हती.

प्रोग्रॅमवर मात्र मी बेहद्द खूश होते. तारखा टाइप करायची कटकट नको म्हणून मी त्याला काल, आज, उद्या, परवा असे शब्दच शिकवले होते. मंगळवारी सकाळी आत्या कपडे बघून कधी आले, कधी द्यायचे ते सांगत गेली, मी टाइप करत गेले. दुपारी सर आले, स्टुलावर बसले. पाठोपाठ पावती घेऊन एक उंच गृहस्थ आले.

“माझा काळा कोट.”

मी ऐटीत नंबर टाकला. पडद्यावर आलं: कोट दुकानात येणार गुरुवारी, परत देणार मंगळवारी.

“तुमचा कोट अजून आलेला नाही,” मी म्हणाले.

“अहो, तो काय तुमच्या डोक्यावर लटकतोय!”

मी वर बघितलं. कोट होता. पण मी हार मानणाऱ्यांतली नाही. “मशीनचं घड्याळ बिघडलंय,” असं म्हणून मी कॅबिनेट उघडलं, आतला बटणाएवढा सेल बदलला, रॅम काढून खोडरबरने घासली, पंख्यावरची धूळ फुंकली. ती सरांच्या चष्म्यावर बसली. पुन्हा चालू केलं. कोट गुरुवारीच येणार होता.

“तुझ्या त्या डब्याला सांग,” आत्या कडाडली, “कोट परवा आलाय. परवा!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परवा! येणाराही परवा आणि गेलेलाही परवा. आपण बोलताना कोणाचं अडत नाही. पण मी मशीनला एकच परवा शिकवला होता, पुढचा. ते बिचारं इमानदारीत दोन दिवस पुढे मोजत होतं.

सर चष्मा पुसत म्हणाले, “सापडलं का? सेल होता?”

हो म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं. जुना सेल माझ्या हातातच होता.

“नाही सर. सेल चांगला होता. मशीनही चांगलं आहे. चूक माझी आहे.” मग मी परवाची सगळी कथा सांगितली. कोटवाले गृहस्थ पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शेऱ्याचा कागद आत्यापुढे सरकवला.

आत्याने पेन घेतलं आणि लिहीतच बसली. एवढं लांबलचक म्हणजे नाकापासून सुरुवात केली असणार. सरांनी कागद उचलून मोठ्याने वाचला:

“प्रोग्रॅमने पहिल्याच गिऱ्हाइकाला खोटं पाडलं. दुकानात धूळ उडवली. पण मुलगी ‘चूक माझी’ म्हणाली. तीस वर्षं दुकान चालवते आहे, हे वाक्य या दुकानात आजवर कोणी उच्चारलेलं नाही. मीसुद्धा नाही. हिला पास करा.”

सरांनी खाली सही केली. गृहस्थांना द्यायला मी कोट खाली काढला आणि रडायलाच लागले, तर आत्या म्हणाली, “कोटावर रडू नकोस, आत्ताच इस्त्री केलाय.”