हळदीचा पिवळा

"कसं हाये वं आता?" सुशीलने विचारलं आणि जीभ चावली. हॉलमध्ये त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

कामठी रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात भरदुपारी पडदे ओढून अंधार केला होता. संध्याकाळी हळद होती. स्टेजमागचा पांढरा पडदा लेझरने हळदीच्या रंगात न्हाला पाहिजे, अशी नवरीच्या बहिणीची, मिनलची, अट होती. लाल आणि हिरवा झोत एकावर एक बसवले की पिवळा होतो. कोणाचा जोर किती ठेवायचा, एवढंच काय ते कौशल्य. पण सुशीलला लाल, हिरवा आणि पिवळा वेगळे दिसतच नसत. याच डोळ्यांपायी रेल्वेच्या भरतीतून बाहेर पडला आणि हा शहाणा पोट भरायला नेमका रंगांच्या धंद्यात शिरला. निभावलं ते बायकोने. चौदा वर्षं सरिता पडद्यापाशी उभी राहून सांगायची, "लिंबू झालं, लाल वाढवा. आता संत्र झालं, कमी करा." गिऱ्हाइकांना वाटे, नवरा-बायकोची थट्टा चाललीय. खरं कळलं असतं तर कोणी दारात उभं केलं नसतं.

सरिताला जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतरचं हे पहिलं काम.

पडद्याकडून आवाज आला. "लिंबू हाये. लाल वाढवा."

आवाज सरिताचाच वाटला. पण सुशील घाबरला नाही. चार महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटलं. त्याने बटण फिरवलं.

"अजून जरासा."

त्याने आणखी फिरवलं.

"बस. हळद झाली."

"चहा घेतला का वं?" त्याने हळूच विचारलं. उत्तर यायच्या आत दार उघडून मिनल आत आली आणि पडद्याकडे पाहून थबकली.

"काका, हे तर लाल दिसून राह्यलं."

"लाल?"

"शेंदरी म्हणा फार तर. पिवळं कुठं हाये?"

सुशील पडद्याकडे बघत राहिला. सरिताचा रंग कधी चुकला नव्हता, एकदाही नाही. म्हणजे बोलली ती सरिता नव्हती, त्याचंच मन होतं. दवाखान्यात ती गेली तेव्हा तो औषधं आणायला खाली उतरला होता. आज मात्र ती त्याच्यासमोर गेली.

मशीन तापलं म्हणून थाप मारता आली असती. त्याने मारली नाही.

"ताई, मले रंग दिसत नाई," तो म्हणाला. "माही बायको सांगे. ती आता नाई."

मिनलने पर्स खुर्चीवर ठेवली. मग ती पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.

"फिरवा काका. मी सांगते."

"ताई, जरा डावीकडे सरकता का?"

"काहून?"

"तिथं ती उभी राह्यते."

मिनल दोन पावलं सरकली. "लाल कमी करा," ती म्हणाली, आणि सुशीलने बटणाला हात घातला.