सरांच्या हातची गाठ

मित्रांनो, मी प्लायवूडची एक जुनी फळी आहे. डोंबिवलीतल्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबच्या भिंतीवर असते.

सुदेश सरांनी वर्गात शिकवायला म्हणून मला आखलं. खिळे लॅबचे शिपाई भिवामामांनी ठोकले. माझ्यावरच्या दोन गोल खुंट्या म्हणजे दोन प्रोसेस, चालू असलेले प्रोग्रॅम. दोन चौकोनी ठोकळे म्हणजे प्रिंटर आणि फाईल. लाल दोरा म्हणजे वस्तू हातात आहे. पिवळा म्हणजे हवी आहे. "अख्खा धडा एका फळीवर!" पोरं म्हणायची. मी फुलून जायची.

मग तो तास आला. सरांनी पहिल्या खुंटीला प्रिंटर दिला, दुसरीला फाईल. मग पहिलीला फाईलही हवी झाली, दुसरीला प्रिंटर. हातातलं कुणीच सोडेना. दोऱ्यांचं वर्तुळ पुरं झालं. घंटा वाजली.

"उद्या सोडवू," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी शीळफाट्याला अपघातात सर गेले.

त्यांच्या हातची शेवटची गाठ, म्हणून कुणी मला शिवलं नाही. दर दसऱ्याला यंत्रांबरोबर माझीही पूजा. गाठीवर हळदकुंकू, वर झेंडूचा हार. लॅब रिकामी झाली की खुंट्या बोलायच्या.

तू सोड.

आधी तू.

तू सोड.

आधी तू.

सहा वर्षं.

यंदा ऐश्वर्या मॅडम नव्या आल्या. लॅबमधल्या परीक्षेत हर्षितने कागदावर माझ्यासारखंच वर्तुळ काढलं आणि पेन खाली ठेवलं.

"आणि पुढे?"

"पुढे नसतं, मॅडम. फळीवर पण नाहीये."

मॅडमनी बाकीचे कागद उलटले. अठ्ठावीस वर्तुळं. त्या उठल्या आणि त्यांनी माझ्या दोऱ्याला हात घातला.

"मॅडम, नका!" भिवामामा आडवे आले. "सरांच्या हातचं आहे ते."

"मामा, दुसऱ्या दिवशी सर आले असते तर?"

मामांनी हार उतरवला. मॅडमनी दाखवलेल्या पहिल्या खुंटीच्या, कुंकवाने कडक झालेल्या गाठी नखांनी सोडवल्या, खुंटी उपसली, म्हणजे तो प्रोग्रॅम तेवढ्यापुरता बंद केला. प्रिंटर मोकळा झाला. मॅडमनी तो दुसरीला जोडला. तिचं काम झालं, तिने दोन्ही सोडलं.

"आता पहिलीला परत बसव, हर्षित. आता तिचा नंबर."

मामा खुर्चीत बसले. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "एवढंच?"

मित्रांनो, गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम तुमच्याकडे असेल, तर त्याला हार घालून ठेवू नका. ते आत जागं असतं.