धुक्यात पेटवलेलं पेट्रोल

विल्फ अॅक्रॉइड यॉर्कशरचा. तिथल्या लोकांच्या कंजूषपणाबद्दल बाकीचं इंग्लंड जे काही बोलतं, ते विल्फच्या बाबतीत कमीच होतं. म्हणूनच लँकेस्टर बॉम्बरच्या इंधनाचा हिशेब त्याच्याकडे होता.

महायुद्धातल्या त्या डिसेंबरच्या सकाळी जर्मनीवर बॉम्ब टाकून परतताना एक टाकी फुटली होती, आणि खाली त्यांचा तळ असलेलं अख्खं लिंकनशर धुक्यात बुडालेलं.

"विल्फ, किती उरलंय?" वैमानिक क्लेम डूलनने विचारलं. तो ऑस्ट्रेलियन.

"काटा शून्यावर आहे, स्किपर."

"तू थोडं दडवून ठेवलं असशीलच की!"

"ते धरूनच सांगतोय."

शेपटातल्या तोफेमागून आयव्हर ओरडला, "पॅराशूट घेऊन उड्या मारायच्यात का? माझा चहा राहिलाय अजून."

"आता उंचीच नाही उरली," क्लेम म्हणाला. "पी चहा."

तेवढ्यात रेडिओवर तळावरच्या मुलीचा आवाज आला, "समोर बघा. दिवे लावलेत तुमच्यासाठी."

दिवे कसले! धावपट्टीच्या दोन्ही कडांनी आगीच्या भिंती उभ्या होत्या, आणि त्या धगीने धुकं वर उचललं जात होतं.

"काय जाळतायत हे?" विल्फने विचारलं.

"पेट्रोल. पाइपांतून सोडून," क्लेम म्हणाला.

"पेट्रोल?" विल्फचा आवाज चिरकला. "इथे आपल्याला घोटभर नाही, आणि हे लोक—"

"विल्फ, चाकं!"

त्याने चाकं सोडली. एक इंजिन खोकून गप्प झालं, मग दुसरं. गरम हवेने विमानाला सुपात पाखडावं तसं पाखडलं, आणि तीन उड्या मारून ते एकदाचं थांबलं.

सातही जण खाली उतरले. आयव्हरने टायरचा मुका घेतला. मग सगळे आगीकडे पाठ करून उभे राहिले. कोळशाच्या टंचाईमुळे ऑक्टोबरपासून कोणाची पाठ म्हणून शेकली नव्हती.

विल्फला मात्र ते सुख बघवेना. पेट्रोलच्या कुपनांवाचून त्याच्या वडिलांच्या व्हॅनचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. तो तडक पेट्रोलच्या पाइपाची झडप सांभाळणाऱ्या शिपायाकडे गेला.

"आम्ही उतरलो. बंद कर आता."

"हुकूम नाही."

"अरे, नासाडी चाललीय नुसती!" म्हणत विल्फ स्वतःच झडप बंद करू लागला.

आणि डोक्यावर घरघर ऐकू आली. आणखी एक लँकेस्टर. मधेच एक इंजिन अडखळलं. कोरड्या टाकीचा तो आवाज विल्फने नुकताच ऐकला होता.

"सोड!" तो किंचाळला. "आहे तेवढं सगळं सोड, लेका!" आणि शिपायाची वाट न बघता त्याने झडप उलटी फिरवून पूर्ण उघडली. ज्वाळा भपकन उसळल्या. धुक्यातून चार पंखे बाहेर आले, त्यातले दोन थांबलेले, आणि विमान धाडकन टेकलं.

"विल्फ," क्लेम म्हणाला, "तुझ्या भुवया कुठायत रे?"

"असतील इथेच कुठेतरी," विल्फ म्हणाला, आणि दुसऱ्या विमानातल्या सात अनोळखी माणसांना मिठ्या मारायला पळत सुटला.